अकाली निवृत्तीचा प्रश्न

निवृत्ती हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ मोठा सन्मानाचा आहे. प्रवृत्तीच्या, म्हणजे उद्योगाच्या, मार्गाने चाललेला मनुष्य आपल्या इच्छेने मागे वळतो, ती निवृत्ती. मनुस्मृतीत वानप्रस्थाचा काळ सांगताना वर्षांचा आकडा दिलेला नाही. गृहस्थाच्या अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड दृष्टीस पडले, म्हणजे त्याने अरण्याची वाट धरावी, एवढेच लक्षण सांगितले आहे. ह्या लक्षणात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ती ही की, जो निवृत्त व्हावयाचा त्याच्या शिरावरचा प्रपंचाचा भार तोपर्यंत पुढच्या पिढीने उचललेला असतो.

आज कारखान्यातून, गिरणीतून अथवा कचेरीतून पन्नाशीच्या आसपास जी निवृत्ती पदरात पडते, तिच्यात ह्या दोन्ही गोष्टी नसतात. मागे वळण्याची इच्छा नसते आणि भार उचलणारे कोणी तयार झालेले नसते. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असतो, मुलीचे लग्न व्हावयाचे असते, घराच्या कर्जाचे हप्ते चालू असतात. म्हणूनच बोलण्यात लोक अशा गृहस्थास निवृत्त झाला असे न म्हणता, ‘त्याला घरी बसविले’ असे म्हणतात. कागदावरचा शब्द आणि लोकांच्या तोंडचा शब्द यांत जेव्हा एवढे अंतर पडते, तेव्हा लोकांचा शब्दच खरा समजावा. हे घरी बसविणे कसे घडते, कायद्याचे संरक्षण त्यास कोठपर्यंत पुरते आणि ज्या कुटुंबावर हा प्रसंग येतो त्याने कोणता हिशेब मांडावा, याचा विचार प्रस्तुत आहे.

आरंभी वय ह्या वस्तूकडेच नीट पाहिले पाहिजे. वय हा निसर्गाचा आकडा आहे असे आपण समजतो. परंतु नोकरीपुरता तो कागदाचा आकडा आहे. महाराष्ट्रात १ जून ही असंख्य लोकांची जन्मतारीख आहे. याचे कारण त्या दिवशी अधिक मुले जन्मास येतात असे नव्हे. पूर्वी मुलाला शाळेत घालावयास आलेल्या बापाला जन्मतिथी सांगता येत नसे; ‘पुराच्या साली’, ‘पेरणीच्या दिवसांत’ एवढेच तो सांगे. मग गुरुजींनी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानास पोहोचतो की नाही हे पाहावे, वय अदमासाने ठरवावे आणि रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हावे. पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. सबब दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातील कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते. ज्या लेखणीने पहिलीत नाव घातले, तिनेच पन्नास वर्षांनंतरचा निरोपाचा दिवस ठरविलेला असतो. ही तारीख चुकीची आहे असे वाटल्यास शासकीय नोकराने नोकरीत शिरल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. निवृत्ती दाराशी आल्यावर केलेली तक्रार न्यायालये सहसा ऐकत नाहीत.

जी गोष्ट जन्मतारखेची, तीच निवृत्तीच्या वयाची. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी ७० वर्षांचे वय ठरले होते. १९१६ साली ते ६५ वर आणले गेले. भारतात केंद्र सरकारच्या नोकरांस पूर्वी ५५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. १९६२ साली ही मर्यादा ५८ झाली आणि १९९८ साली ६०. महाराष्ट्र शासनाने मात्र आपल्या बहुतेक नोकरांपुरती ५८ हीच मर्यादा ठेवली आणि चतुर्थ श्रेणीच्या नोकरांस ६० वर्षे दिली. याचा परिणाम कोल्हापुरासारख्या एकाच शहरात पाहण्यासारखा आहे. जिल्हाधिकारी कचेरीतला कारकून ५८ व्या वर्षी घरी जातो, त्याच कचेरीतला शिपाई ६० व्या, टपाल कचेरीतला कारकूनही ६० व्या. आणि २०२५ च्या ऑगस्टपासून येथे मुंबई उच्च न्यायालयाचे जे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यातील न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. ह्या चौघांची शरीरे वेगवेगळ्या मातीची घडलेली नाहीत. तेव्हा निवृत्तीचे वय ही समाजाने केलेली एक तडजोड आहे, शरीरशास्त्राचा सिद्धांत नव्हे.

ही तडजोड अन्यायाची आहे असे मात्र म्हणता येणार नाही. वय आगाऊ ठाऊक असते, सर्वांस सारखे लागू असते, त्याच्या मागे निवृत्तिवेतनाची सोय असते आणि तरुणांस जागा मोकळी होते. कुटुंबाला वीस वर्षे आधीपासून तयारी करता येते. खरा प्रश्न त्यांचा आहे, ज्यांना ही ठरलेली वेळ येण्यापूर्वीच, पंचेचाळीस ते पंचावन्न ह्या दशकात, बाहेर पडावे लागते. त्यांच्यापाशी ना तारीख असते, ना तयारी.

कोल्हापूरकरांस याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ह्या शहरात कापडगिरणीचा पाया घातला. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते, आणि आपल्या संस्थानात आधुनिक कारखानदारी उभी राहावी ही महाराजांची तळमळ होती. कोटितीर्थ तलावाजवळच्या ह्या शाहू मिलचा भोंगा हे पुढे कित्येक वर्षे शहराचे घड्याळ होऊन बसले. स्वयंपाक, शाळा, दुकान उघडणे, सगळे त्या आवाजावर चाले. गिरणी कालांतराने राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००३ साली बंद पडली. जागेचे काय करावे, तेथे महाराजांचे स्मारक कसे असावे, ह्याची चर्चा शहराने पुढे पुष्कळ केली. जे लोक त्या भोंग्यावर आत जात होते त्यांचे काय झाले, ही चर्चा मानाने थोडी झाली.

बंद पडणाऱ्या गिरणीची एक रीत असते. अखेरच्या वर्षांत ती नवी भरती फारशी करीत नाही. त्यामुळे हजेरीपटावर हळूहळू प्रौढ माणसेच उरतात, आणि दार लागते तेव्हा ते त्यांच्याच तोंडावर लागते. त्यांच्या हातचे कसब खरे. परंतु ते त्या यंत्राशी जखडलेले. सूत कातण्याच्या खात्यात तुटलेला धागा क्षणात सांधणारी बोटे, मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कान, यांचे मोल गिरणीच्या भिंतीआड मोठे. भिंतीबाहेर पडताच ते शून्यावर येते. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामे असतात, पण ती लेथवरची, फौंड्रीतली. तेथे पंचवीस वर्षांचा विणकर पन्नासाव्या वर्षी जातो तो उमेदवार म्हणून. आणि उमेदवार वीस वर्षांचा मिळत असता पन्नासाचा कोण घेणार?

जिल्ह्याचा दुसरा अनुभव मुंबईचा आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड ह्या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. एका खोलीत दहा-पंधरा जणांनी राहावे, खाणावळीत जेवावे आणि गावी मनिऑर्डर धाडावी, हा त्यांचा क्रम. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मिटलाच नाही. काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांनी सगळ्यांस परत घेतले नाही. जे तरुण होते त्यांनी रिक्षा धरली, दुकानात काम धरले. चाळिशी उलटलेले गावी परतले, तेव्हा भावाभावांत वाटून गेलेल्या शेतात त्यांच्या वाट्यास जेमतेम काही गुंठे होते. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या घरांसाठी म्हाडाने पहिली सोडत काढली ती २०१२ साली. संपानंतर तीस वर्षांनी निघालेल्या सोडतीत पुष्कळांच्या जागी वारसांची नावे होती, एवढ्यावरून काय ते समजावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली कामगारकपातीची कलमे घातली गेली, आणि ती त्या काळच्या मानाने दूरदृष्टीची होती. कपात करावयाची झाल्यास एक महिन्याची नोटीस अथवा तिच्याऐवजी पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाबद्दल पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून दिला पाहिजे. याहून महत्त्वाचे तत्त्व असे की, जो शेवटी आला त्याने प्रथम जावे. म्हणजे ज्याची नोकरी जुनी, त्याची जागा सर्वांत सुरक्षित. पुढे पुन्हा भरती झाल्यास कमी केलेल्यांस आधी बोलवावे, हाही नियम होता. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४७ चा कायदा गेला. परंतु ही तत्त्वे नव्या संहितेत राहिली आहेत. पुन्हा कामावर घेण्याच्या हक्कास मात्र तिने एका वर्षाची मुदत घातली आहे.

इतके असता जुन्या माणसावरच गदा का येते? याचे उत्तर असे की, कायद्याने एका दाराशी पहारा ठेवला आहे. माणूस बाहेर जातो तो दुसऱ्या दारांनी. जे कपातीच्या नावाने होते त्यासच वरील नियम लागतो. स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती ही कपात नव्हे, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. कारखाना पुरताच बंद केला तर अगोदर कोणी जावे हा प्रश्नच उरत नाही. कारखान्यातले काम कंत्राटदाराकडे सोपविले, तर जुन्या माणसाची जागाच कागदावरून नाहीशी होते. शिवाय शेवटी आलेल्याने प्रथम जावे ह्या नियमासही अपवाद आहे. मालकाने कारण लिहून ठेवल्यास त्यास क्रम मोडता येतो. आणि ही सारी कलमे कामगार ह्या व्याख्येत बसणाऱ्यांपुरती आहेत. व्यवस्थापक, अधिकारी, वरच्या पगाराचे पर्यवेक्षक यांस त्यांचा आधार नाही. त्यांचे भवितव्य नेमणुकीच्या पत्रात जे लिहिले असेल तेवढेच.

ह्या दारांपैकी स्वेच्छानिवृत्तीचे दार सर्वांत सुबक आहे. १९८८ पासून केंद्र सरकारच्या कारखान्यांतून ही पद्धत आली, १९९१ नंतर खासगी कारखान्यांत तिचा प्रसार झाला, आणि २०००-०१ साली सरकारी बँकांनी ती मोठ्या प्रमाणावर राबविली. ज्याची नोकरी १५ वर्षे झाली अथवा वय ४० झाले, त्यास अर्ज करता येई. नोकरीच्या प्रत्येक वर्षाबद्दल ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांत जी रक्कम कमी ती त्यास मिळे. सुमारे एक लाख लोक त्या वेळी बाहेर पडले. ज्यांस मागाहून बँकेचे पेन्शन मिळावयाचे होते, त्यांपैकी पुष्कळांस हा सौदा परवडला. म्हणजे योजना मुळात वाईट असे नव्हे. ज्याच्या पाठीशी पेन्शन आहे त्यास ती मोकळीक देते, ज्याच्या पाठीशी काही नाही त्यास ती उघड्यावर टाकते. आणि ‘स्वेच्छा’ ह्या शब्दाचे वजन परिस्थितीवर ठरते. बदली दूरच्या गावी होणार, खाते बंद होणार, पुढच्या वर्षी एवढीही रक्कम मिळणार नाही, अशी कुजबूज सुरू झाल्यावर जी सही होते, ती स्वेच्छेची खरी. पण त्या स्वेच्छेला पर्याय नसतो.

अशा वेळी हाती येणारा आकडा मोठा दिसतो, म्हणून त्याचा हिशेब उदाहरणाने करून पाहू. समजा, एका कामगाराचे वय ५२ आहे, नोकरी २४ वर्षांची झाली आहे, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत आणि ५८ व्या वर्षी त्याने निवृत्त व्हावयाचे आहे. कारखाना त्यास एकंदर १० लाख रुपये देऊ करतो. ह्या रकमेत ग्रॅच्युइटी धरलेली आहे काय, हा पहिला प्रश्न. ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने ठरली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राहिली. महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षाबद्दल १५ दिवसांचा पगार. २६,००० चा एक दिवस १,००० रुपये. पंधरा दिवसांचे १५,०००. चोवीस वर्षांचे ३,६०,०००. ही रक्कम त्याने पूर्वीच मिळविलेली आहे. राजीनामा देऊन गेला तरी ती मिळावयाचीच. तेव्हा नोकरी सोडण्याची खरी किंमत उरली ६,४०,०००.

ही किंमत कशाची? उरलेल्या ७२ महिन्यांची. त्या महिन्यांचा पगार, वाढ मुळीच न धरता, १८,७२,००० होतो. ६,४०,००० ला ७२ ने भागले तर महिना सुमारे ८,९०० रुपये पडतात. त्यास बाहेर १२,००० रुपयांचे काम मिळाले, तरी दोन्ही मिळून महिना २०,९००. म्हणजे चालू पगारापेक्षा पाच हजारांनी कमी, आणि सहा वर्षांच्या अखेरीस गाठीचे भांडवल संपलेले. भांडवल न मोडता व्याजावर राहावे म्हटले, तर शेकडा ६ दराने महिन्यास ३,२०० रुपये येतात. ज्या घरात दहा लाखांचा आकडा ऐकून आनंद झाला असेल, त्या घराने ही चार ओळींची त्रैराशिके कागदावर मांडून पाहावीत.

आणखी एक खड्डा पेन्शनचा आहे. खासगी कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून जी कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली, तिचा नियम असा की, पेन्शनसाठी धरलेल्या सरासरी वेतनास नोकरीच्या वर्षांनी गुणावे आणि ७० ने भागावे. वेतन १४,००० व नोकरी १५ वर्षे असेल तर महिना ३,००० रुपये बसतात. ते ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर ते आधी उचलता येते, परंतु प्रत्येक वर्षामागे शेकडा ४ या दराने कापून. वरील माणसाने ५२ व्या वर्षीच उचलले, तर चोवीसशेसुद्धा हाती येत नाहीत. आणि ही काट ५८ व्या वर्षी भरून निघत नाही, आयुष्यभर राहते. नड असल्याशिवाय हे पेन्शन आधी उचलू नये, हे ह्यावरून उघड आहे.

रक्कम घरात आली की तिला पाय फुटतात. ‘असतील शिते तर जमतील भुते’ ही म्हण अशा घराने अनुभवावी. कोणास धंद्याला भांडवल हवे असते, कोणास गहाण शेत सोडवावयाचे असते, कोणी दामदुप्पट करून देणारी योजना घेऊन येतो. यांत सर्वच लबाड असतात असे नाही. परंतु ज्या पैशाने सहा वर्षे चूल पेटावयाची आहे, तो सहा महिन्यांत वाटून जातो. म्हणून सही करण्यापूर्वीचा विचार एकट्या पुरुषाने कारखान्याच्या दारात उभे राहून करू नये. घरखर्चाचा खरा आकडा गृहिणीस ठाऊक असतो. मुंबईच्या संपानंतर कित्येक घरे खाणावळ चालवून, शिवणकाम करून आणि घरकाम करून स्त्रियांनीच उभी ठेवली. मग हिशेब मांडतानाच त्यांना बाजूस का ठेवावे?

नोकरी गेल्यानंतरचा दुसरा अडथळा दुसऱ्या दाराशी असतो. जाहिरातीत ‘वय ३५ च्या आत’ असे छापलेले असते, आणि त्यास आपल्याकडे सर्वसाधारण कायद्याची आडकाठी नाही. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत भेदभाव कशावरून करू नये याची यादी आहे; धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवासस्थान. तीत वय नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींस ३५ व्या वर्षी निवृत्त करण्याचा नियम होता आणि व्यवस्थापकाची मर्जी झाल्यास मुदत वाढत असे. १९८१ साली नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही बेलगाम मर्जी रद्द केली, गरोदरपणाबरोबर नोकरी जाण्याचा नियमही रद्द केला. परंतु ३५ हा आकडा त्याने स्वतः मोडून काढला नाही. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने चाळिशीपुढील माणसास केवळ वयासाठी नाकारण्यास बंदी आहे. युरोपीय संघाने २००० साली तसाच दंडक घातला. आपल्या घटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात बेकारी व वार्धक्य यांत राज्याने साहाय्य करावे असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याचा कायद्यात उतार पुरता झालेला नाही.

ह्या ठिकाणी मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या माणसाचा पगार वाढत गेलेला असतो. त्याच पैशात दोन तरुण येतात. नवे यंत्र आले की त्यास शिकवावे लागते. दुखणीखुपणी वाढतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही आपल्याच भाषेतली म्हण ह्या समजुतीस दुजोरा देते, आणि मनुष्य पन्नाशीस पोहोचताच ती दहा वर्षे आधी लागू केली जाते. यात तथ्य किती? वयाबरोबर हालचालीची चपळाई, नजर आणि ओझे उचलण्याची ताकद कमी होते, हे खरे. परंतु शब्दांचे, माणसांचे व कामाच्या खाचाखोचांचे ज्ञान त्या मानाने टिकते, पुष्कळदा वाढते. कोल्हापूरच्या फौंड्रीतला जुना कारागीर वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा सांगतो आणि रसाचा रंग पाहून तो ओतावा की थांबावे हे ठरवितो. आज तपासणीची यंत्रे आली आहेत, आणि ती असावीतही. परंतु यंत्राने दाखविलेला दोष कशामुळे आला हे सांगणारा माणूस घरी पाठविला, तर नुकसान त्याचे एकट्याचे होत नाही.

जर्मनीतील डिंगोल्फिंग येथील बी. एम. डब्ल्यू. च्या मोटारकारखान्याने २००७ साली एक प्रयोग केला. एका उत्पादनाच्या रांगेवर मुद्दाम अशी माणसे नेमली की त्यांचे सरासरी वय ४७ व्हावे. मग त्यांनाच विचारून सुमारे ७० लहान लहान बदल केले. पायाखाली लाकडी फळ्या, बसावयास खुर्च्या, बारीक कामासाठी भिंगे, उंची कमीजास्त करता येणारी टेबले. एकंदर खर्च सुमारे ४०,००० युरो आला. कारखान्याच्या हिशेबी ती क्षुल्लक रक्कम. वर्षभरात त्या रांगेची उत्पादकता शेकडा ७ ने वाढली. शिरोली अथवा गोकुळ शिरगाव येथील लहान कारखानदारास युरोची भाषा परकी वाटेल. परंतु एक स्टूल, एक चांगला दिवा आणि जड पेटी उचलण्यास एक साखळीचा कप्पा, एवढे त्यासही परवडते. माणूस थकला असे म्हणण्यापूर्वी जागा थकविणारी आहे काय, हे पाहणे धंद्याच्याही हिताचे आहे.

सारांश, ज्याच्यावर हा प्रसंग आला आहे वा येऊ घातला आहे त्याने काही गोष्टी वेळेवर कराव्यात. शाळेचा दाखला, आधार आणि फंडाचे खाते यांत नाव व जन्मतारीख एकच आहे की नाही, हे नोकरी असतानाच पाहावे. नेमणुकीचे पत्र व पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात. निरोपाचा कागद समोर आला तर तो कपातीचा, बंदीचा की स्वेच्छानिवृत्तीचा, हे स्पष्ट विचारावे. त्याच दिवशी सही करू नये. कागद घरी आणून युनियनच्या अथवा जाणत्या वकिलाच्या दृष्टीखाली घालावा. देऊ केलेल्या रकमेतून आपले हक्काचे वजा करून, उरलेल्यास उरलेल्या महिन्यांनी भागावे. भागाकार पाहून मगच उत्तर द्यावे.

आणि समाजानेही एक विचार करावा. ठरल्या वेळी, ठाऊक असलेल्या दिवशी, हातात पेन्शनचा कागद घेऊन जो घरी येतो त्याचा सत्कार आपण नारळ व शाल देऊन करतो. तो योग्यच आहे. परंतु वेळेआधी घरी बसविलेल्या माणसास आपण विचारतो ते ‘आता दिवसभर काय करता?’ एवढेच. त्याला शालीची गरज नसते. त्याच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाकडे पाहून, जाहिरातीतली वयाची ओळ बाजूस ठेवून, उद्या सकाळी कामावर या असे म्हणणारा एखादा कारखानदार, एखादा दुकानदार, एखादी पेढी त्यास हवी असते. ज्या शहराने एका गिरणीच्या भोंग्यावर इतकी वर्षे आपली घड्याळे लावली, त्याने तो भोंगा ऐकून कामावर जाणाऱ्यांचे एवढे देणे लागावे, हे फार नाही.